कुशीवर

“मॅडम, आता त्या कुशीवर व्हा,” असे मावशी म्हणाल्या आणि मी वळले. म्हणजे, आपण वळलो अशी माझी समजूत झाली. मान खिडकीकडे फिरली होती, खांदेही थोडेसे फिरले होते, आणि तेवढ्या पुराव्यावर मी समाधानी होते; परंतु कमरेखालचा देह मात्र ओल्या वाळूचे पोते टाकून द्यावे तसा गादीवर होता तिथेच पडून होता. मावशींनी एकवार माझ्याकडे पाहिले, काही न बोलता एक हात कमरेखाली आणि दुसरा मांडीखाली सरकवला, सिस्टरांना पलीकडून चादर ओढायला सांगितली आणि एका दमात मला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर आणले. मग दोन चादरींची घट्ट वळकटी करून ती माझ्या गुडघ्यांच्या मध्ये घातली आणि वरचा पाय तिच्यावर नीट टेकवून दिला. “आता झालात,” त्या म्हणाल्या.

२०१६ सालचा आषाढ होता आणि पुण्यात तो थांबून थांबून पडणारा, कपडे वाळू न देणारा पाऊस चालू होता. मी तेव्हा नऊ वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करीत होते, आणि आता स्वतःच बाळंतपणासाठी त्या पलंगावर होते. त्या नऊ वर्षांत शेकडो स्त्रियांच्या पाठीत एपिड्यूरलची, म्हणजे कळांची वेदना बधिर करणारे औषध मणक्यांमधून आत सोडणारी, नळी घातली होती, आणि नळी घालून झाल्यावर ती स्त्री पुढचे सहा-आठ तास कशी पडून असते, तिला कोण वळवते, केव्हा वळवते, हे जवळजवळ कधीच पाहिले नव्हते. माझे काम संपले की मी हातमोजे काढून पुढच्या शस्त्रक्रियेला जात असे. औषधाची मात्रा, रक्तदाब, बाळाचे ठोके या सगळ्यांची नोंद कागदावर असे. कूस कोणती, याची नसे.

आम्हा भूलतज्ज्ञांना स्त्रीच्या स्थितीविषयी आस्था असते ती दहा मिनिटांपुरती, पण त्या दहा मिनिटांत ती विलक्षण असते. कळा सोसणाऱ्या बाईला पलंगाच्या कडेला बसवायचे, पाय खाली स्टुलावर टेकवायचे, छातीशी उशी द्यायची आणि म्हणायचे, “हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा, आणि मांजर कशी पाठ काढते तशी पाठ माझ्याकडे बाहेर काढा.” मांजराची उपमा महाराष्ट्रातल्या बहुतेक शस्त्रक्रियागृहांत ऐकू येते आणि ती चपखल आहे, कारण पाठ तशी वाकली की मणक्यांच्या मागच्या टोकांमधल्या फटी रुंदावतात. कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून सुई हळूहळू आत जाते; तिच्या मागे लावलेल्या पिचकारीचा दट्ट्या आपण दाबून पाहत असतो आणि तो घट्ट असतो; मग सुईचे टोक मणक्यांना जोडणाऱ्या पिवळ्या बंधाच्या पलीकडे उतरते आणि दट्ट्याचा विरोध एकाएकी नाहीसा होतो. ही क्षणभराची पोकळी बोटांना कळणे हीच आमची विद्या. स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये या पद्धतीवर लिहिले, इटलीच्या दोग्लिओत्ती यांनी पुढच्या दशकात विरोध ओळखण्याचे हे तंत्र रूढ केले, आणि त्यानंतर सुई-नळीत कितीही सुधारणा झाल्या तरी बोटांना कळण्याची ती गोष्ट तशीच राहिली आहे.

माझ्या वेळी ती बोटे माझ्या सहकारी मैत्रिणीची होती. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडले होते. त्याआधीचे कित्येक तास मी चालत होते, खिडकीचे गज धरून वाकत होते, गुडघ्यांवर येत होते, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळत होते. कोणीही मला काही शिकवलेले नव्हते आणि तरी प्रत्येक कळ आली की शरीर आपणहून एखादा नवा आकार घेत होते. ते आकार निवडत कोण होते? मी तर नक्कीच नव्हते. कळ पाठीत जास्त असली की पुढे वाकावेसे वाटे, ओटीपोटात असली की पाय फाकून उभे राहावेसे वाटे, आणि एका जागी चार मिनिटांपेक्षा जास्त थांबवत नसे. एपिड्यूरल दिल्यावर साधारण वीस मिनिटांनी कळा दूर गेल्या, शेजारच्या घरात भांडण चालू असावे इतक्या दूर. आणि मी त्या दिवसात पहिल्यांदा स्वस्थ पडले. त्या स्वास्थ्याची किंमत काय असते हे मला तेव्हा कळले नाही. कळांबरोबर कूस बदलण्याची आठवणही निघून गेली होती.

मला पुढे सर्वांत जास्त विचार करायला लावले ते याने. निरोगी माणूस झोपेतही एका कुशीवर फार काळ राहत नाही. दबलेल्या भागातून बारीकशी तक्रार उठते आणि आपण न जागता वळतो. एपिड्यूरल ती तक्रारच मिटवते. आजकाल वापरतात ते औषध फार सौम्य असते, बधिर करणारे बुपिव्हाकेन ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी आणि त्याच्या जोडीला किंचित फेंटानिल हे वेदनाशामक, त्यामुळे वेदना वाहणारे बारीक मज्जातंतू आधी गप्प होतात आणि स्नायू हलवणारे जाड तंतू पुष्कळसे जागे राहतात. बऱ्याच जणींना पाय उचलता येतात. परंतु “पाय उचलता येतात” आणि “पाय आपले वाटतात” यांत अंतर आहे. तासन् तास औषध चालू राहिले, वरून एक-दोन वाढीव मात्रा दिल्या गेल्या, की पाय जड होतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याविषयी मनात काही येईनासे होते. टाच गादीत रुतली आहे, माकडहाडावर दोन तास सगळा भार आहे, वरचा गुडघा खालच्या गुडघ्यावर आपटून बसला आहे, यांपैकी काहीही तिला कळत नाही. मग ते दुसऱ्या कोणाला तरी कळावे लागते.

माझ्या बाबतीत ते मावशींना कळले. सरकारी असो की खासगी, आपल्या इस्पितळांतल्या प्रसूतिगृहात मावशी नावाची व्यक्ती असतेच आणि तिच्या नोकरीच्या कागदावर “मावशी” असे कधीच लिहिलेले नसते. या मावशी साठीच्या आसपासच्या होत्या आणि त्यांनी भिंतीवरचे घड्याळ आपल्या मनाशी बांधून घेतले असावे, कारण दर पाऊण तासाने त्या येत, “चला” म्हणत आणि मला फिरवीत. डावीकडून उजवीकडे, मग थोडा वेळ डोक्याकडून पलंग उंच करून बसती, मग पुन्हा डावीकडे. एकदाही त्यांनी मला सपाट पाठीवर ठेवले नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “उताणं निजवलं की बाळ दमतं.”

या पाच शब्दांत आमच्या पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण आहे. भरलेले गर्भाशय उताण्या बाईच्या कण्यावर रेलते आणि कण्याच्या उजव्या अंगाने वर जाणारी मोठी शीर दाबून टाकते. पायांकडचे रक्त हृदयापर्यंत पोहोचायला अडते, रक्तदाब उतरतो, वारेकडे जाणारे रक्त कमी होते आणि बाळाचे ठोके मंदावतात. शुद्धीवर असलेल्या, वेदना असलेल्या बाईला अशा वेळी कसेतरी होऊ लागते आणि ती स्वतःच वळते. एपिड्यूरलने मात्र पायांतल्या रक्तवाहिन्या आधीच सैल करून ठेवलेल्या असतात, म्हणजे रक्तदाब उतरण्याची शक्यता दुप्पट आणि वळण्याची शक्ती निम्मी. म्हणूनच ठोके उतरले की प्रसूतिगृहात सगळ्यात आधी औषध शोधत नाहीत, बाईला कुशीवर वळवतात. उजव्या ढुंगणाखाली उशी सारून तिला पंधरा अंश डावीकडे कलवले की पुरते, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले गेले होते. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी गरोदर स्त्रियांचे एमआरआय काढून पाहिले तेव्हा पंधरा अंशांनी ती शीर मुळीच मोकळी होत नव्हती, तीस अंशांवर थोडी होऊ लागत होती. उशी घातली की आपले कर्तव्य झाले असे मानणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाचून थोडे ओशाळायला हरकत नव्हती. मावशी उशी घालीत नसत, त्या बाईला पूर्ण वळवीत.

आईला मात्र हे पडून राहणे मुळीच पसंत नव्हते. ती कराडहून आदल्याच दिवशी आली होती, आणि खुर्चीत बसून मधूनमधून म्हणत होती, “अगं, अशी आडवी काय पडून राहिलीस? उठून बस जरा. बाळ खाली यायला नको का? तुझी आजी माजघरातल्या खांबाला धरून उकिडवी बसली आणि मी झाले, सुईण हात धुऊन येईपर्यंत.” हे बोलणे घरात इतक्या वेळा झाले होते की त्या खांबाला आमच्याकडे जवळजवळ देवाचा मान होता. आणि खरे सांगायचे तर मीही मनातून आईच्याच बाजूची होते. उभे राहणे म्हणजे निसर्ग, आडवे होणे म्हणजे इस्पितळ. उभे राहणे म्हणजे लढणे, आडवे होणे म्हणजे हरणे, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. मराठीही त्याला दुजोरा देते: आपल्याकडे आजारी माणूस आडवा पडतो, पैलवान आडवा होतो, आणि जे बाळ जन्माला येऊ शकत नाही तेही आडवेच असते. बाळाच्या स्थितीला आपल्या भाषेत चांगले शब्द आहेत, पायाळू माणसाला तर पाठीची उसण लाथेने घालवण्याचा अधिकारही दिलेला आहे. आईच्या स्थितीकडे भाषेने एवढ्या बारकाईने पाहिलेले नाही. आहे तो एक शब्द मात्र असा आहे की तो सगळेच सामावून घेतो. कूस म्हणजे शरीराची बाजू, कूस म्हणजे गर्भाशय. मूल होते तेव्हा कूस उजवते, झोप लागत नाही तेव्हा कूस बदलतो, आणि जन्मलेल्या मुलाला कुशीत घेतो. एपिड्यूरलखालच्या त्या रात्री हे सगळे अर्थ माझ्या एकाच पलंगावर जमले होते, पण तेव्हा मला ते सुचण्यासारखी स्थिती नव्हती. तेव्हा मला फक्त शरम वाटत होती, आजीच्या खांबासमोर.

परंपरेविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण आजकाल “आपल्याकडे पूर्वी बायका बसूनच बाळंत होत” असे ठासून सांगणारे बरेच भेटतात. घराघरांतून त्या तशा होतही असतील, माझ्या आजीवर माझा विश्वास आहे. पण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसववेळेचे जे वर्णन आहे त्यात स्त्री मऊ, रुंद शय्येवर उताणी, मांड्या दुमडून असते, आणि तिच्या सेवेला चार वयस्क, प्रसवकुशल, नखे कापलेल्या स्त्रिया असतात. इंग्लंडात तर एकोणिसाव्या शतकात डाव्या कुशीवर निजून प्रसूत होणे हीच रीत होती, इतकी की युरोपातले इतर लोक तिला इंग्रजी पद्धत म्हणत. म्हणजे एकच एक “नैसर्गिक” स्थिती शोधायला गेलो तर प्रत्येक घरातून वेगळे उत्तर येते. सुश्रुताच्या वर्णनात मला आवडली ती नखे. बाईची स्थिती काहीही असो, तिला धरणाऱ्या आठ हातांचा विचार कोणीतरी केला होता.

पहाटे चारच्या सुमारास गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले आणि माझ्या प्रसूतितज्ज्ञ बाई आल्या. मी त्यांना म्हटले, मला बसवा. पलंगाचा डोक्याकडचा भाग उभा केला, पाय दुमडले, पाठीमागे नवरा बसला, आणि मी जोर लावू लागले. म्हणजे जोर लावण्याचा अभिनय करू लागले, कारण कळ कधी येते हे मला यंत्राच्या कागदावरून सांगावे लागत होते. आत डोके खाली दाबू लागले की आपोआप जो आवेग येतो तो औषधाने पुसट झाला होता. बसते म्हणजे तरी काय बसले होते मी? आजी तळपायांवर बसली होती. मी माकडहाडावर घसरून बसले होते, दर पाच मिनिटांनी खाली सरकत होते, आणि दोघे मिळून मला काखेत धरून वर ओढत होते. अर्धा-पाऊण तास हा प्रकार चालला. शेवटी बाईंनी माझ्याकडे बघून विचारले, “कुशीवर करून बघायचं का?” मी नाइलाजाने मान हलवली. मावशींनी मला डाव्या कुशीवर घेतले, उजवा पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला, आणि मी पुढचा तासभर तशीच पडून जोर लावला; डोके दिसू लागल्यावर बाईंनी त्यांच्या सवयीप्रमाणे मला उताणे घेतले, आणि सहाला काही मिनिटे कमी असताना माझी मुलगी झाली. बाळ ओढून काढायचा चिमटा लागला नाही, व्हॅक्यूम लागला नाही, टाके पडले. आईने घरी फोन करून सांगितले की बसून जोर लावला म्हणून झाले. मी तिला दुरुस्त केले नाही.

मनात मात्र मीही तेच मानत राहिले, की बसता आले असते तर लवकर झाले असते. तो समज मोडला तो पुढच्या वर्षी. २०१७ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या बम्प्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथल्या ४१ प्रसूतिकेंद्रांमधल्या, पहिलटकरीण असलेल्या आणि सौम्य मात्रेचे एपिड्यूरल घेतलेल्या स्त्रियांना, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडल्यानंतर, दोन गटांत विभागले होते: एका गटाने जमेल तितके ताठ राहायचे, म्हणजे उभे राहायचे, बसायचे, आधाराने गुडघ्यांवर यायचे, दुसऱ्या गटाने डाव्या किंवा उजव्या कुशीवर निजून राहायचे. हिशेबात धरलेल्या स्त्रिया ३०९३ होत्या. ताठ राहणाऱ्यांपैकी ३५.२ टक्के उपकरणांशिवाय, आपल्या बळावर प्रसूत झाल्या. कुशीवर राहणाऱ्यांपैकी ४१.१ टक्के. बाळांच्या प्रकृतीत फरक नव्हता आणि वर्षभरानंतर आयांच्या प्रकृतीतही नव्हता. मी तो लेख दुपारच्या दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात, चहा निवत ठेवून, दोनदा वाचला.

याआधीचा पुरावा वेगळ्याच दिशेला होता, आणि तोही खोटा नव्हता. एपिड्यूरल न घेतलेल्या स्त्रिया कळांच्या पहिल्या टप्प्यात चालत्या-फिरत्या राहिल्या तर तो टप्पा सरासरी एक तास बावीस मिनिटांनी आखडतो, हे २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेने पंचवीस चाचण्या एकत्र करून दाखवले होते. जोर लावण्याच्या टप्प्यातही, भूल नसेल तर, ताठ स्थितीत उपकरणांचा वापर काहीसा कमी होतो, रक्तस्राव मात्र थोडा वाढतो. चूक आमची होती ती एवढीच, की मोकळ्या पायांच्या बाईचा पुरावा आम्ही जड पायांच्या बाईला लावीत होतो. जी स्वतः वाकते, झुलते, गुडघ्यांवर येते आणि नको वाटले की सोडून देते, तिचे ताठ राहणे ही क्रिया आहे. जिला दोन माणसांनी काखेत धरून बसवले आहे, तिचे ताठ राहणे म्हणजे ठेवलेली वस्तू. असा माझा अंदाज आहे, आणि तो मी माकडहाडाच्या अनुभवावरून करते आहे: बसवलेल्या बाईचा सगळा भार त्रिकास्थीवर आणि माकडहाडावर येतो, आणि डोके बाहेर येताना मागे सरकायला हवे ते हाड गादीत दाबून धरले जाते. कुशीवर ते मोकळे राहते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण हा निष्कर्ष आपल्याकडे पोहोचेपर्यंत “एपिड्यूरल आहे ना, मग आडवेच ठेवा” असा होऊ शकतो आणि मी तो तसा झालेला ऐकला आहे. चाचणीतल्या स्त्रिया कुशीवर होत्या. पाय वर टांगून, उताण्या, टेबलाच्या कडेला आणलेल्या नव्हत्या. आपल्या बहुसंख्य प्रसूतिगृहांत बाई ज्या स्थितीत जोर लावते ती ही दुसरी, आणि बधिर पायांच्या बाईला त्या स्थितीत तास-दोन तास ठेवणे हा मला आता सरळसरळ निष्काळजीपणा वाटतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पिंडरीच्या हाडाच्या मानेवरून, एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. आधाराच्या दांड्याने तो दबला तर पाऊल लुळे पडते आणि चालताना बोटे जमिनीवर घासतात. मांड्या पोटाकडे फार वेळ दाबून धरल्या तर जांघेतल्या तंतूंना इजा होते. शिकागोमध्ये सहा हजारांवर बाळंतिणींची पाहणी केली तेव्हा शंभरात जवळजवळ एकीला पायाच्या किंवा कमरेच्या मज्जातंतूची काहीतरी इजा आढळली होती, आणि त्यात पहिलटकरणी व लांबलेला जोराचा टप्पा यांचा संबंध स्पष्ट दिसला होता. बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होते. गंमत अशी, की अशी बाई “पाय बधिर आहे” म्हणून परत येते तेव्हा सगळे घर पाठीतल्या सुईला दोष देते. सुई घालणारी म्हणून मी ते पुष्कळ ऐकून घेतले आहे. सुईचा दोष कधी असतोही. पण कित्येकदा दोष त्या दोन तासांचा असतो ज्यांत तिचा पाय कोणीही हलवला नाही.

कुशीवर वळवणे म्हणजे जादू आहे, असेही नाही. एपिड्यूरल घेतलेल्यांमध्ये बाळ आभाळाकडे तोंड करून खाली येण्याचे प्रमाण जास्त दिसते, आणि अमुक कुशीवर ठेवले की डोके फिरेल असे सांगणाऱ्या पुष्कळ युक्त्या प्रचलित आहेत. फ्रान्समधल्या एका नीट आखलेल्या चाचणीत तासभर ठरावीक कुशीवर ठेवूनही डोके फिरण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. अमेरिकेत भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा हवेचा चेंडू गुडघ्यांच्या मध्ये ठेवतात, तो आता पुण्या-मुंबईच्या महागड्या प्रसूतिगृहांतही आला आहे, आणि अॅरिझोनातल्या एका अभ्यासात त्याने सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण घटलेले दिसले होते. मला चेंडूविषयी काही म्हणायचे नाही; पण चादरींची वळकटी किंवा घरचा लोड हेच काम करतो, आणि चेंडू ठेवून निघून गेलेल्या माणसापेक्षा वळकटी घेऊन पाऊण तासाने परत येणारे माणूस मला जास्त उपयोगाचे वाटते.

औषधाच्या मात्रेला मात्र खरोखर महत्त्व आहे, आणि हा दोष आमच्या पदरात आहे. २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या कॉमेट नावाच्या चाचणीत, जुन्या, जास्त तीव्रतेच्या एपिड्यूरलमध्ये ३५ टक्के स्त्रिया आपल्या बळावर प्रसूत झाल्या होत्या आणि सौम्य मात्रेच्या नव्या पद्धतींमध्ये ४३ टक्के. तरीही रात्री दोनला फोन येतो, “मॅडम, पेशंट ओरडतेय,” आणि झोपेतला भूलतज्ज्ञ सांगतो तो डोस तीव्रतेकडे झुकलेला असतो, कारण तीव्र डोस दिला की पुन्हा फोन येत नाही. मीही दिले आहेत. त्या बायकांच्या पायांचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही. पुष्कळदा एकाच अंगाला कळ जाणवत असते, उजव्या जांघेत एक खिडकी उघडी राहिलेली असते, आणि तेव्हा त्याच कुशीवर वळवून थोडेसे औषध देऊन पाहणे पुरेसे ठरू शकते. परंतु त्यासाठी उठून जावे लागते.

२०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने प्रसूतिगृहांच्या दर्जासाठी लक्ष्य नावाचा कार्यक्रम सुरू केला. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी आणि स्त्रीला आपली स्थिती निवडू द्यावी, हे त्यात आहे. निवडू द्यावी हे शब्द मला आवडतात आणि थोडे टोचतातही. जिचे पाय तिच्या ताब्यात आहेत ती निवडू शकते. जिचे नाहीत, तिने निवडले तरी ते दुसऱ्याच्या हातांनी घडवावे लागते, आणि त्या हातांना रात्रपाळीत एकीकडे तीन बायका आणि दुसरीकडे धुवायचे ट्रे असतात. “पेनलेस डिलिव्हरी”च्या पाट्या आम्ही लावल्या, त्या वेळी मावशींची संख्या वाढवायची असते हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

कामावर परतल्यावर मी एवढेच केले, की माझ्या नोंदीच्या कागदावर रक्तदाबाच्या रकान्याशेजारी हाताने रेघ मारून “कूस” असा एक रकाना पाडला. डा, उ, ब. डावी, उजवी, बसती. उताण्यासाठी अक्षर ठेवले नाही. पहिले दोन महिने ते रकाने मीच भरत होते, मग सिस्टर भरू लागल्या, आणि एक दिवस एका मावशींनी मला वरांड्यात थांबवून विचारले की ते “ब” म्हणजे बाळ का.

गेल्या श्रावणातली एक बाई लक्षात आहे. पहिलटकरीण, तेवीस वर्षांची, नवरा बाहेर, आत तिची जाऊ. रात्रभर दर पाऊण तासाने आम्ही तिला फिरवले, मी स्वतः चार वेळा हात लावला, औषध सौम्य ठेवले, जोर लावायलाही कुशीवरच ठेवले, आणि पहाटे बाळाचे डोके अडले ते अडलेच. व्हॅक्यूम लावावा लागला. बाळ चांगले रडले. टाके घालून होईपर्यंत मी तिच्या डोक्याशी उभी होते. मधेच तिने विचारले, “डॉक्टर, माझे पाय आता कुठं आहेत?” मी सांगितले, आधारावर आहेत, आता खाली घेतोय. मी एक पाय घेतला, जावेने दुसरा घेतला, आणि आम्ही दोघींनी ते एकदमच खाली ठेवले. जाऊ घाबरून गेली होती, कारण पाय एवढा जड असेल असे तिला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तेव्हा ती डाव्या कुशीवर झोपली होती आणि बाळ तिच्या पुढ्यात होते. चादर वर करून मी तिच्या टाचा पाहिल्या, मग तिला जागे करून पावले वर-खाली करायला सांगितली. तिने केली. मग विचारले, “कशाला?”, आणि उत्तराची वाट न पाहता, माझ्याकडे पाठ होईल अशी, आपली आपण उजव्या कुशीवर वळली, आणि बाळाला त्या बाजूला घेण्यासाठी जावेला हाक मारू लागली.